पहिली मोहिनी : कमलाबाई गोखले

(सातारा आणि सांगली इथे झालेल्या स्मृतिव्याख्यानाचा मजकूर)



विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ज्या गावात ‘सीतास्वयंवर’ उभं केलं, त्या सांगलीत नाटकावर बोलायला उभं राहणं ही जोखीम आहे. इथल्या पानवाल्यालाही नाट्यसंगीत कळतं, असं मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. आज मी नाटकाकडे सिनेमाच्या वाटेनं येणार आहे. या वर्षीच्या पुष्पासाठी मी निवडलेला विषय म्हणजे कमलाबाई गोखले. भारतीय चित्रपटात काम करणाऱ्या पहिल्या स्त्रियांपैकी एक. दुसरी त्यांची आई, दुर्गाबाई कामत. दोघी एकाच चित्रपटात होत्या, दादासाहेब फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये. साल १९१३.

परवा साताऱ्यात याच विषयावर बोललो तेव्हा एका ज्येष्ठ श्रोत्यानं उठून विचारलं, “बाई मोठ्या खऱ्याच, पण आपल्या भागाशी त्यांचा काय संबंध?” प्रश्न रास्त होता. त्याचं एक सरळ उत्तर असं की कमलाबाईंचे चिरंजीव, ज्येष्ठ नट चंद्रकांत गोखले, यांचा जन्म मिरजेचा. ७ जानेवारी १९२१. पण नुसत्या जन्मगावाच्या दाखल्यावर मी थांबणार नाही. कमलाबाई जिथे घडल्या ती शाळा म्हणजे फिरती नाटक मंडळी, आणि त्या शाळेचं उगमस्थान सांगली आहे. सिनेमाला पहिली नटी फाळक्यांनी दिली असं आपण म्हणतो. मला असं दिसतं की ती नटी आधीच तयार होती, आणि तिला तयार करणारी माणसं रात्रीचा प्रयोग संपवून पहाटेच्या गाडीनं पुढच्या मुक्कामाला निघणारी होती.

आधी घर पाहू. दुर्गाबाई पांढरपेशा ब्राह्मण घरातल्या. नवऱ्यापासून वेगळ्या झाल्या तेव्हा पदरात लहान मुलगी होती. विसाव्या शतकाची ती पहिलीच वर्षं. अशा बाईपुढे कोणते रस्ते होते? दुसऱ्याच्या घरी स्वयंपाकपाणी, नातेवाइकांच्या माजघरातला एक कोपरा, किंवा ज्याचं नावही घरात घेतलं जात नसे असं काही. दुर्गाबाईंनी नाटक कंपनी निवडली. समाजानं त्यांना वाळीत टाकलं. हे वाक्य आपण चरित्रांमध्ये इतक्या वेळा वाचतो की ते डोळ्यांवरून निसटून जातं. वाळीत टाकणं म्हणजे हळदीकुंकवाचं बोलावणं नाही, मुलीसाठी स्थळ नाही, दुखण्याखुपण्यात दाराशी कोणी नाही. नाटक कंपनीनं त्यांना निदान एक पंगत दिली. कंपनीच्या बिऱ्हाडात सगळ्यांचं जेवण एकत्र होई, आणि तिथे कुळाची चौकशी करायला कोणाला फारशी सवड नसे.

कमला १९०० साली जन्मलेली. पाच वर्षांची व्हायच्या आतच ती रंगमंचावर आली. ती शाळेत गेली असती तर जे शिकली असती, ते सगळं तिला विंगेत मिळालं असं मी म्हणणार नाही. शाळा ती शाळाच, आणि ती हुकणं हे नुकसानच. पण विंगेत तिला जे मिळालं ते शाळेत कधीच मिळालं नसतं. वाक्य कुठे तोडायचं, पदाआधीचा श्वास कुठे घ्यायचा, समोरचा विसरला तर त्याचं वाक्य आपल्या वाक्यात कसं मिसळायचं, शेवटच्या रांगेतल्या माणसाला डोळे दिसत नसतील तर मान किती वळवायची. चित्तकर्षक नाटक मंडळीत आई-मुलगी दोघी काम करत होत्या, आणि मुलीचं नाव आईच्या आधी घेतलं जाण्याचे दिवस जवळ येत होते.

आता त्या काळच्या रंगभूमीकडे वळू, आणि हे सांगलीत बोलताना मी शब्द जपून वापरतो. आपल्या रंगभूमीची जी थोरवी आपण मिरवतो, तिच्यातला फार मोठा भाग स्त्रीपार्टी नटांचा आहे. भाव्यांची सीता मुलग्यानं उभी केली. पलूस तालुक्यातल्या नागठाण्याशी ज्यांचं नातं आपण अभिमानानं सांगतो, त्या नारायणराव राजहंसांनी, म्हणजे बालगंधर्वांनी, १९०५ साली मिरजेत शकुंतला म्हणून पहिलं पाऊल टाकलं आणि पुढे महाराष्ट्रातल्या बायका त्यांच्यासारखी साडी नेसू लागल्या. त्यांच्या कलेला मी दोन्ही हात जोडतो. तरीही एक गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही. हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनी १८९९ साली ‘शारदा’ रंगभूमीवर आणलं. म्हाताऱ्याशी लग्न लावून दिल्या जाणाऱ्या कोवळ्या मुलीचं दुःख मराठी माणसानं त्या नाटकात डोळे भरून पाहिलं, आणि त्या रंगमंचावर एकही मुलगी नव्हती. मुलीचं रडणं मुलगे रडत होते, उत्तम रडत होते, आणि प्रेक्षागृहातल्या पुरुषांना त्याचा पाझर फुटत होता. देवलांचा हेतू पवित्र होता. रंगभूमीचा नियम मात्र असा होता की ज्या मुलीची ही कहाणी, तिनं ती स्वतः सांगितली असती तर ती कुलीन राहिली नसती.

मात्र बायका रंगमंचावर नव्हत्याच असं म्हणणं म्हणजे अर्ध्या महाराष्ट्राकडे पाठ फिरवणं होईल. याच मातीत तमाशाचे फड उभे राहत होते. रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, आपले पठ्ठे बापूराव, जातीनं ब्राह्मण आणि वतनानं कुलकर्णी, सगळं सोडून फडावर गेले. पवळाबाईंबरोबर त्यांनी जे रंग उभे केले त्यांनी मुंबईतली थिएटरं भरली. रेठरे आज सांगली जिल्ह्यात आहे. तेव्हा ते सातारा जिल्ह्यात होतं, कारण दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हाच मुळी १९४९ साली झाला आणि त्याला सांगली हे नाव मिळालं १९६० साली.  पवळाबाई बोर्डावर उभ्या राहत होत्या, हजारो लोक त्यांना पाहत होते, आणि तरीही नाटकाच्या इतिहासात ‘स्त्री रंगभूमीवर कधी आली’ या प्रश्नाचं उत्तर शोधताना त्यांना कोणी मोजत नव्हतं. शिवाय बायकांच्या स्वतःच्या नाटक मंडळ्याही होत्या. बेळगावकरांची होती, मनोहर स्त्री संगीत मंडळी होती, साताऱ्याच्या नावाचीही स्त्री संगीत मंडळी होती. तिथे बायकाच पुरुषांची कामं करत. त्यांच्या प्रयोगांना लोक जात आणि दुसऱ्या दिवशी गेल्याचं कबूल करत नसत. तेव्हा कमलाबाईंना ‘पहिली’ म्हणताना आपण हे ध्यानात ठेवावं की त्यांच्या मागे एक गर्दी उभी होती. त्या गर्दीतल्या बहुतेकींची नावं कोणी लिहून ठेवली नाहीत.

आता फाळके. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके १९१२ साली ‘राजा हरिश्चंद्र’च्या खटाटोपात होते. तारामतीसाठी बाई हवी होती. त्यांनी जाहिरात दिली, नाटकवाल्यांकडे विचारणा केली, शेवटी कोठ्यांवरही गेले. कॅमेऱ्यासमोर उभं राहायला तिथल्या बायकाही तयार झाल्या नाहीत, हे ऐकून आजच्या माणसाला नवल वाटतं. पण त्यांच्या बाजूनं पाहा. कोठीवरच्या गाण्याला एक परंपरा होती, तिची एक प्रतिष्ठा होती, समोर ऐकणारा होता. हा चमत्कारिक पेटीवाला मात्र त्यांचा चेहरा पट्टीवर उतरवून कुठे नेणार, कोणाला दाखवणार, काहीच कळत नव्हतं. अखेर ग्रँट रोडवरच्या एका उपाहारगृहातल्या आचाऱ्याला, अण्णा साळुंक्यांना, फाळक्यांनी पंधरा रुपये पगारावर आणलं आणि ते तारामती झाले. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये चित्रपट लागला. कंपनीतल्या माणसांना फाळक्यांनी शिकवून ठेवलं होतं म्हणतात, कोणी विचारलं तर सांगायचं, हरिश्चंद्राच्या कारखान्यात कामाला आहे.

त्या कारखान्यात एक बाई होतीच. फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई. कच्च्या फिल्मला रात्री कडेची भोकं पाडायची, भर उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या चेहऱ्यावर उजेड परतवायचा, साठसत्तर माणसांचा स्वयंपाक करायचा, हे सगळं त्यांनी केलं. तारामतीचं काम कर असं फाळक्यांनी त्यांनाही विचारलं होतं. त्यांनी नकार दिला. मला त्यांचा नकार समजतो. सगळी कामं त्याच करत होत्या, त्यांनी उन्हात उभं राहून तारामतीही व्हावं ही अपेक्षा जरा जास्तच होती. भारतीय सिनेमाच्या जन्मात एका बाईचे हात कोपरापर्यंत बुडालेले होते, आणि पडद्यावर मात्र बाई नव्हती.

‘हरिश्चंद्र’नंतर फाळक्यांनी बिऱ्हाड नाशिकला हलवलं आणि दुसरा चित्रपट हाती घेतला, ‘मोहिनी भस्मासुर’. दुर्गाबाई पार्वती झाल्या. तेरा वर्षांची कमला मोहिनी झाली.

इथे मला थोडं रेंगाळायचं आहे, कारण एका योगायोगाकडे कोणी नीट पाहिलेलं मी वाचलेलं नाही. मोहिनी कोण? विष्णू. पुराणातल्या ज्या एका स्त्रीरूपाच्या आत पुरुष आहे असं सगळ्यांनाच माहीत आहे, ते हे रूप. शंकरानं भस्मासुराला वर दिला, ज्याच्या डोक्यावर हात ठेवशील तो भस्म होईल. त्यानं शंकरावरच हात उगारला. मग विष्णूनं बाईचं रूप घेतलं, नाचत नाचत असुराला आपल्यासारखं नाचायला लावलं, आणि स्वतःच्या डोक्यावर हात ठेवला. असुरानंही ठेवला. स्त्रीपार्टी नटासाठी याहून नेमकी भूमिका पुराणात सापडायची नाही. बाप्यानं बाईचं सोंग घेणं हाच तिचा अर्थ आहे. साळुंके हाताशी होतेच. आणि नेमकं इथेच फाळक्यांनी खरी मुलगी उभी केली. तारामती, जी पतिव्रता, राजाची राणी आणि रोहिदासाची आई, तिचं काम पुरुषानं केलं. मोहिनीचं, जी मुळात पुरुष, तिचं काम मुलीनं केलं.

फाळक्यांनी याचा असा विचार केला असेल असं माझं म्हणणं नाही. त्यांना नाचू शकणारी, न लाजणारी, सांगितलेलं पटकन उचलणारी मुलगी मिळाली, आणि त्यांनी ती घेतली. पण कथेची निवड पाहा. नाच, नक्कल, हात डोक्यावर. एकाही शब्दाची गरज नाही. मूकपटासाठी जणू व्यासांनी लिहून ठेवलेला प्रसंग. या मुलीनं तेव्हापर्यंत जे कमावलं होतं त्यातला अर्धा भाग, म्हणजे आवाज, कॅमेऱ्यानं काढून घेतला. उरलं ते शरीर. संगीत नाटकाच्या रंगमंचावर गाणारा नट पद चालू असताना बहुधा एका जागी उभा राही. पद संपेपर्यंत कथा थांबे. कॅमेऱ्यापुढे थांबायची सोय नव्हती. हातानं दांडा फिरवून चालवायचा कॅमेरा, बाहेरचं खरं ऊन, मोजकी महाग फिल्म. आजच्यासारखं पुन्हा पुन्हा करून पाहणं नव्हतं. त्या काळच्या फिल्मला तांबडा रंग नीट दिसत नसे, त्यामुळे लाल ओठ काळे उमटत. चेहऱ्याला पांढरा लेप द्यावा लागे. नाटकाच्या रंगभूषेत वाढलेल्या मुलीला चेहऱ्याच्या रंगाचा सगळा हिशेब नव्यानं शिकावा लागला असणार.

आवाजाचा मुद्दा आणखी पुढे न्यायला हवा. स्त्रीपार्टी नटाचं दैव त्याच्या गळ्यात असे. आवाज फुटला की बहुतेकदा राणीचं काम संपे. याचं उदाहरण कमलाबाईंच्या घरातच आहे. त्यांचे यजमान रघुनाथराव गोखले किर्लोस्कर नाटक मंडळीत स्त्री भूमिका करत. आवाज फुटल्यावर ते तिथून निघाले आणि आपल्या बंधूंच्या चित्तकर्षक मंडळीत आले. तिथे ते पुरुष भूमिकांत आणि कमला त्यांच्यासमोर नायिका. लग्नही तिथलंच. एकाच घरात दोन नट, एकाला बाईचं काम सोडावं लागलं होतं, दुसरीला मिळालं होतं. मूकपटानं मात्र पुरुषांची एक अडचण दूर केली. तिथे आवाज कोणाला ऐकूच येत नव्हता, म्हणून मिशी उतरवायला तयार असलेला कोणीही पुरुष कितीही वर्षं सीता होऊ शकत होता. म्हणूनच कमलाबाईंनंतर दार उघडलं असं जे सांगतात ते मला पूर्ण पटत नाही. चार वर्षांनी, १९१७ साली, फाळक्यांनी ‘लंकादहन’ काढलं तेव्हा राम आणि सीता या दोन्ही भूमिकांत पुन्हा अण्णा साळुंकेच होते. दार एकदा किलकिलं झालं आणि परत लोटलं गेलं. ते पुरतं उघडायला बोलपट यावे लागले. १९३१ साली ‘आलम आरा’ आला, पुढच्या वर्षी प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला, आणि त्यात तारामती झाल्या दुर्गा खोटे. पडदा बोलू लागल्यावर पुरुषी गळ्यातून तारामती बोलणं अवघडच होतं. बायकांना पडद्यावर कायमची जागा मिळाली यात सुधारणेच्या चळवळीचा वाटा आहेच, पण ध्वनियंत्राचाही आहे.

मधल्या काळात आपल्या शेजारी कोल्हापुरात काय चाललं होतं तेही सांगितलं पाहिजे. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीनं १९२० साली ‘सैरंध्री’ आणला. त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या, गुलाबबाई आणि अनसूयाबाई यांनी. पडद्यावर त्यांची नावं कमलादेवी आणि सुशीलादेवी अशी झाली. पुण्यात तो पाहून लोकमान्यांनी पेंटरांचा गौरव केला आणि ‘सिनेमा केसरी’ ही पदवी त्यांना लागली. सुशीलादेवी आणि कमलादेवी यांना मात्र त्यांच्या माणसांतून बहिष्कार सोसावा लागला. एकाच चित्रपटाच्या दोन टोकांना ही दोन फळं.

जगात इतरत्र काय होतं? अमेरिकेत सुरुवातीच्या वर्षांत पडद्यावर नटांची नावंच छापत नसत. लोक चेहरे ओळखत, नावं नाही. १९१० साली तिथल्या केलेम कंपनीनं माणसं आयर्लंडला नेऊन चित्रीकरण केलं, आणि त्या चित्रपटांची नायिका जीन गाँटिए ही पटकथाही लिहीत असे. म्हणजे आयरिश मातीवरची सुरुवातीची नायिका जहाजातून आलेली होती. आपल्याकडे कॅमेरा आणि कच्ची फिल्म विलायतेहून आली, पण चेहरा इथलाच होता. आणि तो चेहरा उलट विलायतेला गेला. १९१४ साली फाळके लंडनला गेले तेव्हा सोबत ‘राजा हरिश्चंद्र’, ‘मोहिनी भस्मासुर’ आणि ‘सत्यवान सावित्री’ नेले होते, आणि तिथे ते दाखवले. ज्या मुलीला मुंबई-पुण्याच्या कुलीन घरांनी उंबऱ्याशी उभं केलं नसतं, तिचा नाच लंडनच्या पडद्यावर झाला.

तो नाच आज कोणालाच पाहता येत नाही. ‘मोहिनी भस्मासुर’ची प्रत उरलेली नाही. भारतात हजाराहून जास्त मूकपट तयार झाले, आणि त्यातले जे उरले ते फारच थोडे, पुष्कळसे तुकड्यांत. नायट्रेटची फिल्म भडकन पेट घेते, दमट हवेत चिकटते, कुजते. कित्येकांनी तर तिच्यातली चांदी काढण्यासाठी ती विकली. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली उभं राहिलं आणि तिथल्या पी. के. नायर यांनी फाळक्यांच्या घरापासून कुठकुठच्या गुदामांपर्यंत फिरून जे वाचवता आलं ते वाचवलं. ‘कालियामर्दन’ त्यामुळे आपल्याकडे आहे. १९१९ सालच्या त्या चित्रपटात कृष्ण झाली आहे फाळक्यांची छोटी लेक मंदाकिनी. सुरुवातीलाच तिचा चेहरा जवळून दिसतो आणि ती एकामागून एक भाव दाखवत जाते. ते पाहिलं की मला कमलेची आठवण येते. फाळके मुलींना कसं शिकवत असतील, त्यांना काय करायला सांगत असतील, याचा अंदाज मंदाकिनीच्या त्या चेहऱ्यावरून थोडा येतो. मोहिनीच्या बाबतीत आपल्याला तेवढ्यावरच भागवावं लागणार आहे.

आता कमलाबाईंच्या आयुष्यातला तो भाग, ज्याला चरित्रकार एक परिच्छेद देतात आणि मला सर्वांत मोठा वाटतो. फाळक्यांकडचं काम झालं आणि त्या परत नाटकात आल्या. सिनेमा त्यांना घेऊन गेला नाही. पुढची कित्येक वर्षं त्या फिरत्या रंगभूमीवर होत्या. पुणे, सातारा, कराड, मिरज, सांगली, कोल्हापूर, बेळगाव हा त्या काळच्या नाटक मंडळ्यांचा राबता मार्ग. मिरज जंक्शनवर उतरायचं, पडद्यांचे गुंडाळे आणि कपड्यांच्या पेट्या बैलगाड्यांवर चढवायच्या, मुक्काम चालला तर महिनाभर राहायचं, नाही चालला तर उधारी फेडण्यापुरतं उत्पन्न होईपर्यंत अडकायचं. अशा घरात मुलं जन्मली, वाढली. चंद्रकांत मिरजेत जन्मले. मिरज म्हणजे तंबोऱ्याच्या भोपळ्यांचं आणि अब्दुल करीम खाँसाहेबांचं गाव. पुढे कमलाबाईंचे लालजी आणि सूर्यकांत हे दोघे मुलगे तबल्याकडे गेले. लालजींनी तर थिरकवाँ खाँसाहेबांची तालीम घेतली.

पंचविशीच्या आसपास कमलाबाईंना वैधव्य आलं. पदरी लहान मुलं. आईच्या वाट्याला आलेला प्रश्न लेकीच्या वाट्याला पुन्हा आला. फरक एवढाच की उत्तर तिच्या हातात आधीच होतं. त्या मनोहर स्त्री संगीत मंडळीत गेल्या आणि तिथे त्यांनी पुरुषांच्या भूमिका केल्या. फेटा, तलवार, मिशा. पडद्यावर जी मुलगी विष्णूचं स्त्रीरूप झाली होती, ती बाई आता पोरांच्या पोटासाठी रंगमंचावर वीरपुरुष झाली. बालगंधर्वांच्या पदरावर आपण पानंच्या पानं लिहिली. बाईनं पुरुष होण्याच्या या कलेवर, तिची चाल, तिचा खर्ज, तिचं कंबरेला शेला बांधणं यावर आपल्याकडे किती लिहिलं गेलं? तरुण अभ्यासकांनी इथे काम करावं असं मला मनापासून वाटतं. जाहिरातींची हस्तपत्रकं, जुन्या नियतकालिकांतली परीक्षणं, संस्थानांच्या दप्तरांतल्या परवानग्या यांत पुष्कळ सापडेल. सांगली, मिरज, औंध, फलटण, जत इतकी संस्थानं एवढ्याशा टापूत होती, आणि संस्थानी कारभार कागद जपून ठेवणारा होता.

त्याच काळात मिरजेतच जन्मलेल्या हिराबाई बडोदेकर संगीत रंगभूमीवर येत होत्या, पुरुष नटांच्या बरोबरीनं उभ्या राहून स्त्री भूमिका करत होत्या. १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक आलं आणि ज्योत्स्ना भोळ्यांनी सुशिक्षित घरांची भीती पुष्कळ कमी केली. इतिहास सहसा ‘आंधळ्यांची शाळा’पासून मोजायला लागतो. मी तो वीस वर्षं मागून, नाशिकच्या एका अंगणातून मोजतो.

बोलपट आल्यावर कमलाबाई पुन्हा पडद्यावर आल्या, तेव्हा नायिकेचं वय मागे पडलं होतं. आई, आजी, सासू, म्हातारी अशी कामं. सगळे मिळून सुमारे पस्तीस चित्रपट. शेवटचा ‘गहराई’, १९८० सालचा, अरुणा राजे आणि विकास देसाई यांचा. त्या चित्रपटाच्या केंद्राशी एक कोवळी मुलगी आहे, पद्मिनी कोल्हापुरे यांनी केलेली. १९१३ ते १९८०. हातानं फिरवलेल्या कॅमेऱ्यापासून रंगीत चित्रपटापर्यंत सदुसष्ट वर्षं ही बाई कामाला जात होती. मला ‘पहिली’ या मानापेक्षा ही सदुसष्ट वर्षं मोठी वाटतात. पहिलं होणं हे बरंचसं वेळेच्या हातात असतं. फाळक्यांना त्या वर्षी दुसरी कोणी मुलगी मिळाली असती तर आज मी तिच्यावर बोललो असतो. पण मुलांना वाढवत, कंपन्या बुडताना पाहत, पुरुष होत, म्हातारी होत, तोंडाला रंग लावायला रोज परत बसणं वेळेच्या हातात नव्हतं. ते त्यांचं स्वतःचं होतं.

त्यांचं घरही नटांच्याच पंगतीत बसलं. चंद्रकांत गोखले यांना सांगलीकर-मिरजकरांनी नाटकात आणि चित्रपटात कित्येक वर्षं पाहिलं. ते २००८ साली गेले. नातू विक्रम गोखले यांना ‘अनुमती’साठी अभिनयाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं आणि २०२२ साली तेही गेले. दुर्गाबाई धरल्या तर चार पिढ्या. पहिल्या पिढीला वाळीत टाकलं होतं, चौथ्या पिढीला राष्ट्रीय पारितोषिकाचं बोलावणं आलं. एवढं अंतर कापायला त्या घराला शंभर वर्षं लागली, आणि त्यातली अवघड वाट दोन बायकांनी कापली.

आयोजकांना माझी एक मागणी आहे आणि ती मी सभेच्या साक्षीनं करतो. रीना मोहन यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कमलाबाईंवर ‘कमलाबाई’ नावाचा माहितीपट केला. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुण्यातल्या घरात वृद्ध कमलाबाई कॅमेऱ्यासमोर बसल्या आहेत, आठवतं ते सांगताहेत, मधूनच जुन्या नाटकातलं एखादं भाषण म्हणू लागतात आणि तेव्हा वय कुठल्या कुठे जातं. मोहिनीचा नाच गेला, पण तो नाचणारी बाई बोलताना आपल्याकडे आहे. तो माहितीपट भावे नाट्यमंदिरात, मिरजेच्या बालगंधर्व नाट्यगृहात आणि साताऱ्याच्या शाहू कलामंदिरात रीतसर परवानगी काढून दाखवावा. तिकीट लावू नये. शाळेतल्या मुलींना पुढच्या रांगांत बसवावं. आणि मिरजेत ७ जानेवारीला, चंद्रकांतरावांच्या जन्मदिवशी, त्यांच्या फोटोशेजारी त्यांच्या आईचा फोटो ठेवावा. फोटो मिळवून द्यायची जबाबदारी मी घेतो.